गोड म्हटलेलं पाणी

सक्करदऱ्याच्या आमच्या घरची विहीर उपसायला आणि तिची मोटर दुरुस्त करायला कित्येक वर्षं एकच विहीरवाला येतो. काम झालं की पहिली ओंजळ तो स्वतः पितो, क्षणभर डोळे मिटतो आणि न्यायाधीशासारखा सांगतो, "गोड हाय, काकाजी. बिनधास्त प्या." मग पुढचं घर. गल्लीत त्याच्या जिभेवर कोणी शंका घेत नसे. मीही नाही.

यंदा सुनेनं पाणी तपासायला दिलं, कारण नातीचं बाटलीतलं दूध त्याच पाण्यात कालवलं जात होतं. नायट्रेट फार निघालं. संडासाची टाकी पाझरत असावी. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बजावलं, याला चव नसते, वास नसतो, उकळलं तर उलट वाढतं. बाळाला नळाचंच पाणी द्या.

मी त्याला बोलावून तो कागद दाखवला, जरा रागानंच. त्यानं तो दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "नातीले काही झालं तं नाही ना?" नाही म्हटल्यावर टाकी उघडून पाहायला उद्या येतो म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. तो समोरच्या घराच्या पायरीवर दिसला. हातातल्या पिशवीत तपासणीसाठी पाणी भरून न्यायच्या नव्या, कोऱ्या बाटल्या होत्या. त्यातली एक पुढे करत तो म्हणत होता, "वहिनी, मागच्या उन्हाळ्यात तुमचं पानी मी गोड म्हटलं होतं. तो शब्द वापस घ्याले आलो."