अळणी श्रावण

"पापा नहीं रहे, भैया," एवढंच दिलीपकाकांची मुग्धा फोनवर बोलली. नवा रायपूरमध्ये कामावरून निघून बसची वाट बघत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. कुणाच्या तरी मोटारीतून मी जुन्या शहरात, तात्यापाऱ्यात काकांच्या घरी पोचलो. तोवर शेजाऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता. "गोळ्यांनीच खाल्लं जी त्यांले!" दिलीपकाकांना जाऊन महिना झाला, तरी हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

काका अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि मी ती वाटत मोठा झालो. नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा मी शाळेत होतो. काका आठवडाभर झोपले नाहीत. राजधानीचे नकाशे काढले, मंत्र्यांना पत्रं धाडली. "पोट्ट्या, नवी राजधानी मीच बांधून राहिलो!" सगळं शहरच तेव्हा मोठमोठं बोलत होतं, काकांचं वेगळं कोणाला दिसणार? मग ते कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले... काकू डॉक्टरकडे न्यायच्या त्या याच दिवसांत. त्यामुळे औषध फक्त उदासीचं मिळे, आणि त्याने काका पुन्हा भडकून त्या झपाटलेल्या खुशीत जात. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी फार खुशीत होते का?" काकू कौतुकाने म्हणाल्या, "हव! तेव्हा तर झोपही लागत नव्हती."

काकांना बायपोलर होता, मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार. तो रक्त तपासून कळत नाही. तपासण्या होतात त्या थायरॉइडसारखी दुसरी कारणं वगळायला. आजार कळतो तो असं खोदून विचारल्यावरच. काकांचा पहिला प्रकार, चढ दवाखान्यात भरती करण्याइतका. त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा, दुसरा: चढ सौम्य, उतार लांबलचक. लोक त्याला आळस म्हणतात आणि मोकळे होतात.

लिथियमच्या गोळ्यांवर काका कितीतरी वर्षं नीट जगले. कचेरीत गेले, भांडले, पत्रकं लिहिली. अटी दोनच होत्या: रक्तातलं लिथियमचं प्रमाण तपासत राहायचं, आणि पाणी नि मीठ एकदम कमी करायचं नाही, नाहीतर औषध अंगात साठतं. आणि व्रतवैकल्यांवर तुटून पडणाऱ्या या माणसाने मुग्धाला बरं वाटावं म्हणून श्रावणभर अळणी खायचं ठरवलं!

"काका, हे काय आता?"

"बापाचं पत्रक वेगळं असते रे."

मी हसलो. त्यांना चिडवायला त्यांच्यासमोर बसून लोणचं मागून घेतलं. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. आम्ही सगळे शहाणे म्हणालो, उपासाचा अशक्तपणा. रक्ततपासणीची तारीख टळली. दवाखान्यात नेलं तोवर लिथियम रक्तात विषासारखं साठलं होतं.

म्हणजे गोळीने नाही, आमच्या बेपर्वाईने. पण भेटायला येणाऱ्यांनी मुग्धाच्या मनात गोळीच भरवली. तेराव्यापर्यंत तिने स्वतःची औषधं बंद केली होती. "पापा ने भी तो खाई थी ना, भैया!" मी ओरडलो, शास्त्र सांगितलं, पत्रकासारखा बोललो. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी फक्त लोणच्याची गोष्ट सांगितली: मी हसलो, त्यांना अडवलं नाही. या वेळी ती उठून गेली नाही.

परवा काकांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. दाराशी कॅलेंडर आहे. त्यावर काका रोज सकाळी मनाची खूण करायचे: वर बाण, खाली बाण, नाहीतर आडवी रेघ. शेवटच्या खुणेनंतर चौकटी कोऱ्या आहेत. मग, त्या दिवसाच्या आणि आदल्या दिवसाच्या चौकटींत, दुसऱ्या पेनने काढलेले दोन बाण. दोन्ही खाली. आणि पुढच्या सोमवारी मुग्धाच्या अक्षरात: डॉक्टर, ग्यारह बजे. भैया के साथ.