अंकुशतात्यांचं तोंड

माझ्या दवाखान्याच्या जिन्यात मी देवांच्या फरशा बसवून घेतल्या आहेत. लोकांनी थुंकू नये म्हणून आमच्याकडे सगळेच बसवतात. अंकुशतात्या पहिल्यांदा आले तेव्हा मी वर दारातच उभी होते. त्यांनी दत्ताला हात जोडले, गणपतीला जोडले, मग वाकून, देवांच्या पायापासून वीतभर अंतर राखून, पायरीच्या कोपऱ्यात पचकन पिंक टाकली. रुमालाने ओठ पुसत वर आले आणि म्हणाले, "नमस्कार म्याडम. देवाला कायबी लागलं न्हाई."

मी दातांची डॉक्टर. गेवराईत दवाखाना आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघायचं हा माझा धंदा. मिसरीने काळ्या पडलेल्या हिरड्या, दाढेत कुजत बसलेलं मटण, गालात दाबून ठेवलेला आणि तपासणीपुरता बाजूला सरकवलेला तोबरा. लोक म्हणतात सवय होते. कसली डोंबलाची सवय. मला रोज नव्याने शिसारी येते, आणि तात्यांची तर त्या पहिल्याच दिवशी आली. हा माणूस कधी आपल्याला जवळचा वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तात्या तलवाड्याकडच्या एका गावचे माजी सरपंच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशात गुटख्याच्या पुड्या. वाढदिवसाला चौकात त्यांचे हे मोठे बॅनर लागत आणि प्रत्येक बॅनरवर ओठ गच्च मिटलेले. आले होते ते मात्र मुलीसाठी. ऋतुजा तेव्हा नववीत होती. वरचे दात एकावर एक चढलेले, त्यामुळे पोरगी बोलताना ओढणी तोंडावर धरायची. शाळेत तिला काय काय नावं ठेवत ते तिने मला सांगितलं नाही, तात्यांनी सांगितलं. "म्याडम, कायबी करा, पन माझी पोरगी तोंड उघडून हासली पायजे. मला अर्धवट काम चालत न्हाई."

तारा बसवल्या. तात्या दर खेपेला स्वतः घेऊन यायचे, नाव पुकारलं की तिच्यामागोमाग आत यायचे आणि माझ्या खांद्यावरून डोकावायचे. तो गुटख्याचा गोडसर, आंबूस वास थेट माझ्या मानेवर यायचा. मी म्हणायची, "तात्या, जरा लांब." ते एक पाऊल मागे जायचे आणि पुन्हा पुढे यायचे. मी कितीदा म्हटलं, एकदा तुमचंही तोंड बघू द्या. "आमचं काय बघता. आमचं म्हंजी जुनं खळं. पोरीचं बघा."

तारा निघाल्या तेव्हा ऋतुजा आरशासमोरून हलेना. तात्या दाराकडे तोंड करून रुमालाने डोळे पुसत होते. मग मी रिटेनर दिला. तारांतून सुटलेले दात आपल्या जुन्या जागी परतायला बघतात, म्हणून त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा साचा बसवून ठेवावा लागतो. जेवताना काढायचा, डबीत ठेवायचा, साध्या पाण्याने धुवायचा, एरवी रात्रंदिवस घालायचा. तात्यांनी सगळं ऐकलं आणि आपल्या भाषेत करून घेतलं. "दावं सोडलं म्हनून गोठ्याचं फाटक उघडं ठिवायचं न्हाई, आसंच ना?" अगदी तसंच, मी म्हटलं. पुढच्या खेपेला ऋतुजाने पर्समधून साचा काढला तो रुमालात गुंडाळलेला. डबी कुठे आहे म्हणून विचारलं तर ती बापाकडे बघायला लागली. तात्यांनी खिशातून काढून दाखवली. झाकण गच्च बसतं, म्हणून त्यांनी तीत चुना भरला होता. मी त्यांना इतकं बोलले की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि जाताना नवी डबी मागून घेऊन गेले.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. गेले. एकीकडे पंगती आणि दुसरीकडे माइकवर पुढाऱ्यांचे सत्कार, आमच्याकडच्या लग्नांत दोन्ही संपता संपत नाहीत. नातेवाइकांसमोर डबी काढायची लाज वाटली म्हणून ऋतुजाने साचा तोंडातून काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि ताटाशेजारी ठेवला. जेवून हात धुवायला गेली, तोवर वाढप्यांनी टेबलावरचा कागद उष्ट्यासकट गुंडाळून मागे नेऊन टाकला होता. ती रडत तात्यांकडे गेली. तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा ते चढलेले दात आणि ती ओढणी.

मंगल कार्यालयामागे उष्ट्याचा ढीग होता. भाताची चिकट ढेकळं, वांग्याच्या रश्शाचा तेलकट ओघळ, बुंदी, त्यावर कुणी कुणी टाकलेल्या पिंका, आणि माशा अशा की खालचं अन्न दिसेना. एक डुक्कर पलीकडून आपलं काम करत होतं. त्यात तात्या डोक्याला फेटा आणि बाह्या मागे सारलेल्या अशा अवतारात उकिडवे बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. माणसं धावली. "तात्या, ऱ्हाऊ द्या, पोरं हुडकतेत."

"व्हा बे बाजूला. तुमच्या पायाखाली मोडंल ते."

तिकडे माइकवर त्यांचं नाव पुकारत होते, माजी सरपंचांनी सत्काराला मंचावर यावं. इकडे तात्या एकेक चुरगाळलेला कागद उलगडून बघत होते. मी गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दवाखान्यात हजर. त्यांच्या तळहातावर एक वेडंवाकडं, वळकटी झालेलं प्लास्टिक होतं. साचा सापडला होता. मग त्यांनी आचाऱ्याकडून खळखळतं पाणी मागून घेतलं आणि त्यात तो चांगला उकळून काढला. मी कपाळावर हात मारला. "साधं पाणी म्हटलं होतं ना मी?"

"म्हनलं व्हतं. पन म्याडम, डुकराच्या तोंडापुढून आनलेली वस्तू पोरीच्या तोंडात तशीच कशी घालू?"

मी ऋतुजाला बोलावून पुन्हा माप घेतलं आणि नवा साचा बनवून मागवला. तो आला तेव्हा ऋतुजाने हातात घेतला आणि तोंडात घालेना.

"आधी तात्यांचं तोंड बघा," ती म्हणाली. "ते घरी भाकर दुधात कुस्करून खातेत. भाजीचा घास घेतला की डोळ्यांतून पानी येतंय. माझ्या मायला म्हन्तेत, मिरची लई झाली. भाजी तर आळनी असती."

"येडी हाय का?" तात्या म्हणाले. "दात माघारी जातील की."

"जाऊ द्या."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला समजावेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी हातमोजे काढले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

ती बापाचीच पोरगी. अर्धवट काम तिलाही चालत नाही. काही दिवसांनी दोघं पुन्हा आली तेव्हा तिचा एक दात किंचित फिरलेला मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. तात्यांना माझ्याआधी दिसला होता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघा."

मी म्हटलं, आ करा. त्यांनी केला. जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट झाली. बाकी तोंड उघडतच नव्हतं. गाल आतून पांढरे, वाळल्या चामड्यासारखे ताठ, आणि मागे दाढेजवळ एक चिघळलेला चट्टा. त्या चट्ट्याचा वास मी ओळखते. कॅन्सर. या खेपेला मला शिसारी आली नाही. त्या पुड्यांचा, त्या पुड्या विकणाऱ्यांचा, त्या बॅनरवरच्या मिटल्या ओठांचा मला असा संताप आला की हातातला आरसा मी ट्रेमध्ये आपटला.

"तात्या, संभाजीनगरला जावं लागेल. मोठ्या दवाखान्यात. उद्याच."

ते खुर्चीतून उठले. मान वळवून ऋतुजाला म्हणाले, "मी दावलं. आता घाल." तिने साचा बसवला. फिरलेल्या दाताला तो चावत होता, तरी तिने दाबून बसवला.

तात्यांचं ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, आणि तरी कॅन्सर पुन्हा आलाच. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेले. ओसरीत बाजेवर पडले होते, जबड्याला फडकं बांधलेलं. येणारी माणसं नाकाला रुमाल लावायला नको म्हणून श्वास कोंडून बसत आणि लगेच उठत. मी बाजेजवळ खुर्ची ओढली.

त्यांचं बोलणं कष्टाने कळत होतं. "वास येतो का म्याडम?"

"येतो, तात्या. लई येतो."

"हं. बाकीचे न्हाई म्हन्तेत." त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मग म्हणाले, "पोरगी घालती का ते?"

"घालते. परवाच तपासलं."

"मला कावून दिसत न्हाई मग? माझ्याम्होरं हासतच न्हाई ती."

मी ऋतुजाला हाक मारली. ती आली, बाजेच्या कडेला गुडघ्यांवर बसली. मी म्हटलं, तात्यांना दात दाखव. तिने हसायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमेना. तेव्हा तिने साचा काढून डबीत ठेवला आणि दवाखान्यात शिकवलं होतं तसे दोन्ही हातांच्या बोटांनी ओठ बाजूला ओढून धरले. डोळ्यांतलं पाणी बोटांवरून खाली गळत होतं. तात्या कोपरावर जरा उठले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक दात, सावकाश बघत राहिले.

"लई सरळ हायेत," ते म्हणाले. "मिट आता. माशी जाईल."