आत्यांचं बोंडलं

मैंदर्गीच्या आत्या बोलायच्या थांबल्यात, असं सोलापुरात कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या आत्या. दुसऱ्यानं तोंड उघडलं की “सुम्मनिरु!” म्हणून कानडीत त्याला गप्प करायच्या आणि पुढे तासभर स्वतःच बोलायच्या. अक्कल बेताची, तोरा मात्र मामलेदारिणीचा.

दुष्काळाच्या साली माझा मुलगा दिवस भरण्याआधीच जन्मला. नाकातल्या नळीनं दूध घेऊन कसाबसा तगला. नळी काढून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “आता तोंडानं प्यायला शिकू दे. दमला की थांबा. घाई केलीत तर दूध छातीत जाईल.”

आत्यांनी नाक मुरडलं. “दमतंय कसलं? आळशी हाय. बापावर गेलंय.” वीतभर पोराच्या स्वभावाचा असा पंचनामा करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. गावातली निम्मी पोरं म्हणे त्यांच्या हातची. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं, हे विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी मी नहाणीतून बाहेर आले, तर बाळ त्यांच्या मांडीवर, आणि मी काढून ठेवलेलं दूध बोंडल्याच्या चोचीतून त्या धार धरून त्याच्या घशात ओततायत! त्याला ठसका लागला, ओठ निळे पडले. मी त्याला हिसकावून पालथं घातलं, पाठ चोळली. तो रडला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आत्यांचं चालूच होतं, “ओतल्याबिगर शिकतंय व्हय?”

“सुम्मनिरु!” मी किंचाळले. “श्वास घेऊ द्या की त्याला!”

मला येणारं कानडी तेवढंच. आत्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं मी बाळाला अंगावर घेतलं. आत्या मुकाट्यानं शेजारी बसल्या आणि माझ्या कोपराखाली हात दिला. बाळानं ओढलं, गिळलं, थांबलं. आम्ही दोघीही थांबलो. मग त्यानं पुन्हा ओढलं. त्या बाईनं तोंड मिटल्याचा उपयोग झाला तो तेवढाच.

पोर आपल्या बोंडल्यानं जगलं, हे पुढे त्यांनी मैंदर्गीभर सांगितलं. मला अजून चीड येते.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी आत्यांनी आमच्याकडेच अंथरूण धरलं. पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. मी चमच्यानं पाजत होते. एकदा घाईनं दुसरा चमचा पुढे केला.

“थांब की. श्वास घेऊ दे.” आणि वर म्हणतात, “कितींदा शिकवायचं गं तुला?”

मी त्यांचं गिळून होईपर्यंत चमचा तसाच धरून बसले. एवढा राग यावा असं माणूस आता घरात उरलेलं नाही.