कौसाबाईंचं गुरुवारचं टोपलं

ये गं वैशू, अशी जवळ बस आणि आधी कान पुढे कर. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, आठवड्याची भाजी घरपोच येते, पण निम्मी टाकूनच द्यावी लागते." टाकूनच द्यावी लागते म्हणे! आणि वर हसतेस. तुला कौसाबाईच भेटायला हव्या होत्या. त्या आता नाहीत, म्हणून तुझी सुटका. पण गोष्ट ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

कौसाबाई केदारखेड्याच्या. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं जालन्याला यायच्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डोक्यावर एकावर एक रचलेली पाच टोपली. जालन्यात त्यांची पाचच घरं ठरलेली होती, सहावं घेत नसत. प्रत्येक घरी भरलेलं टोपलं ठेवायचं आणि मागचं रिकामं उचलायचं. त्यात काय असेल ते आपण सांगायचं नाही. लग्न होऊन मी नवीनच आले होते, तेव्हा एकदा चुकून म्हणाले, "पुढच्या वेळी फुलकोबी आणा हं."

"वावर काय हाटेल हाय का, आर्डर द्यायला? जे निघंल ते आनते. तुमी ते खायाचं."

बरं, टोपलं ठेवून ही बाई "कशी आहेस" विचारायची नाही. तडक स्वयंपाकघरात जायची, पाटावर बसायची आणि म्हणायची, "सांग, मागल्या टोपल्याचं काय केलं?" मग मी परीक्षेला बसल्यासारखी सांगायची. दोडक्याची भाजी केली. शिरांचं? शिरांची चटणी केली. मुळ्याचा पाला? तो पिठात मळला. मेथीच्या काड्या? इथे मी अडकायची. "काड्या आमटीत घालाव्या," त्या म्हणायच्या, "काडीला बी पानी लागलंय. म्या शेंदलंय ते." आणि जाता जाता नाक वर करून मोरीच्या कोपऱ्याचा वास घ्यायच्या, कुठे काही कुजलंय का म्हणून. सासू परवडली, असं मी यांना म्हणायची.

पण खरं सांगू? माझी आई मी लहान असतानाच गेलेली. माहेरून वानवळा म्हणून चिमूटभर तीळसुद्धा कधी आले नाहीत. त्या गल्लीत माझ्या चुकीला चूक म्हणणारं आणि वर पाठीवर हात ठेवणारं माणूस एकच होतं, आणि ते फक्त गुरुवारी यायचं.

आमच्या भिंतीपलीकडे अंजाबाई राहायच्या. त्यांची एक म्हैस होती, सगळी गल्ली तिचंच दूध प्यायची. अंजाबाईंचा डोळा कौसाबाईंच्या टोपल्यावर. "तुमच्या पाचातलं एखादं घर गळालं की मला धरा," असं त्या दर गुरुवारी दारात येऊन आठवण करायच्या. आणि 'एखादं घर' म्हणताना माझ्याकडे बघायच्या.

एका थंडीत शेपू आला. पहिल्या गुरुवारी शेपू, दुसऱ्या गुरुवारी शेपू, तिसऱ्याला आणखी मोठ्या जुड्या. आमच्या यांना शेपूचं वावडं. नुसत्या वासानं नाक धरून अंगणात जाऊन बसायचे. तिसऱ्या खेपेला मी हरले. दुपारी गल्ली आडवी झाल्यावर दोन जुड्या सोडून बाकी सगळा शेपू पदराखाली घेतला, मागच्या दारानं गेले आणि अंजाबाईंच्या म्हशीपुढे टाकला. म्हशीनं असा चट्टामट्टा केला की मला वाटलं, पुण्यच लागलं.

आता शहाण्या माणसाला पुढचं कळलं असतं. मी कुठली शहाणी!

दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर ओरड. दुधाला वास, दह्याला वास, चहाला वास. मी घाबरून बाकीच्या दोन जुड्याही तिलाच घातल्या, पुरावा नको म्हणून. वास आणखी वाढला. गुरुवारी कौसाबाई आल्या. मी चहा दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"बाई, चहात काय टाकलंस?"

"वेलची."

"अस्सं. मागल्या शेपूचं काय केलं?"

"भाजी केली की. मुगाची डाळ घालून."

"कोनी कोनी खाल्ली?"

"सगळ्यांनी."

"म्हशीला धरून?"

माझ्या हातातला चिमटा गळून पडला. आणि नेमक्या त्याच वेळी अंजाबाई दारात! "कौसाबाई, तुम्ही जाणत्या, सांगा बरं, माझ्या म्हशीला काय झालंय? गिऱ्हाइकं तुटून राह्यली हो!"

मी डोळे मिटले. म्हटलं, टोपलं गेलं, दूध गेलं, गल्लीतली पतही गेली. कौसाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काई न्हाई झालं. सरकी बदला. दोन रोजात बराबर व्हती का न्हाई पाहा."

अंजाबाई गेल्यावर मात्र माझा दंड धरला. "आयक. पुढल्या गुरुवारी पाची घरचा शेपू तुझ्या एकटीकडं. मी जेवायला हाय. साहेब बी ताटावर पाह्यजेत. भांडी रिकामी झाली तर टोपलं ऱ्हाईल. न्हाई झाली तर अंजाबाईला देईन. बिलकुल."

आमचे हे साधे कारकून, पण त्या त्यांना साहेबच म्हणायच्या. आठवडाभर मी नीट झोपले नाही. गुरुवारी पहाटेपासून निवडलं, चिरलं. डाळीतली भाजी केली, लसूण ठेचून धपाटे केले, वरणफळांत घातला, शेंगदाण्याचा कूट घालून सुकाही केला. घरभर तो घमघमाट. हे जेवायला आले, पाटावर बसले, धपाट्याचा तुकडा मोडला. कौसाबाई समोरच.

"हे धपाटे मेथीचे ना?" यांनी विचारलं.

"साहेब, तुमी शिकलेले," कौसाबाई म्हणाल्या, "तुमीच वळखा."

"मेथीच आहे," हे म्हणाले आणि दुसरा घेतला. मग तिसरा घेतला. भाजी खाल्ली, वरणफळं खाल्ली, पातेलं पुसून घेतलं. कौसाबाईंनी रिकाम्या भांड्यांवर एकदा नजर फिरवली. हात धुतले, रिकामं टोपलं उचललं आणि निघाल्या.

त्यांची पाठ वळताच मी यांना म्हटलं, "अहो, तो शेपू होता."

"मला नाक नाही का?" हे म्हणाले. "त्या दुपारी मी मागच्या खिडकीत होतो. म्हटलं, आपण खाल्लेला बरा. पुन्हा म्हशीनं खाल्ला तर गल्ली सोडावी लागेल."

पुढच्या गुरुवारी मी सकाळपासून दाराशी. गाडी येऊन गेली असावी, तरी चाहूल नाही. आणि मग कोपऱ्यावरून पाच टोपली दिसली. माझ्या टोपल्यात त्या दिवशी वांगी होती. रडूच आलं बघ मला, वांगी पाहून.

पुढे किती वर्षं गेली. कौसाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि एका गुरुवारी त्यांच्याऐवजी गावच्या मास्तरांनी निरोप आणला, "कौसाबाई म्हनल्या, माझं येनं झालं. आता तुमचं येनं पाहू." संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. आमचे हे एकदम म्हणाले, "आजच जाऊ."

गेलो. त्या बांधावर पोतं टाकून बसल्या होत्या. "बसता काय? खुडा," म्हणून आम्हा दोघांना हरभऱ्याच्या रानात घातलं. दुपारपर्यंत बोटं आंबून चुरचुरायला लागली. मी तेव्हा विचारलं, इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं. "मावशी, माझं घर का नाही काढलंत?"

"तू लबाड होतीस," त्या म्हणाल्या, "पन लबाडी कच्ची. लगेच तोंडावर दिसायची. पक्क्या लबाडाच्या घरी म्या टोपलं ठिवलंच न्हाई कधी. आन साहेबानं शेपूला मेथी म्हनलं तवाच ठरवलं, ह्या घरी मरंस्तोवर यायाचं."

चैत्रात त्या गेल्या. त्या दिवशी यांनी माझं हळदीकुंकवाचं निमित्त चालू दिलं असतं, तर तो 'पुढचा आठवडा' कधी आलाच नसता आणि हे मला कधी कळलंच नसतं.

म्हणून सांगते वैशू, सुट्टी लागू दे, दिवाळी येऊ दे, असलं काही मला सांगू नकोस. मलाही आता जिना चढवत नाही. आजच्यासारखं उभ्याउभ्या येणं नको. या रविवारीच पुन्हा ये, सकाळच्या गाडीनं, आणि चांगली दोन रात्री राहा.