उजव्या हाताचा कडा

रोज मस्टरवर सही झाली की आमच्या कचेरीतल्या ताई कपाटाशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला टेकवायच्या आणि मुंगी चढावी तशी हळूहळू वर न्यायच्या. खांद्याच्या जरा वर गेली की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे. बोटं थांबली तिथे डाव्या हाताने पेन्सिलीची बारीक रेघ मारायच्या. मग आवक-जावकचं रजिस्टर उघडताना मला म्हणायच्या, "आज अर्धं बोट वर हां."

नव्याने आलेल्या साहेबांना वाटलं, बाई भिंतीची ओल तपासतायत. त्यांनी दुरुस्तीसाठी पत्र काढायला सांगितलं. ते पत्र ताईंनीच टाइप केलं, जावक क्रमांक घालून पाठवून दिलं. "ओल पण आहेच की," म्हणाल्या.

वर्षभरापूर्वी कर्करोगामुळे त्यांचा उजवा स्तन काढला होता. त्यानंतर खांदा आखडला, आणि हा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. रोज पूर्णगडहून एसटीने रत्नागिरीला यायच्या. घरी का करत नाही, असं मी एकदा विचारलं. "घरी सगळे तोंडाकडे बघत बसतात. दुखतंय का, दुखतंय का. इथे कोणी विचारत नाही." मग मीही पुन्हा विचारलं नाही.

आम्ही तिघं मित्र रविवारी कातळ चढायला जात असू. निलेश शाळेत खेळ शिकवतो, रेहाना औषधांच्या दुकानात आहे, आणि मी. मी फारसा चढत नाही, दोर सांभाळतो. एका सोमवारी माझ्या तळहाताला दोराचे वळ दिसले आणि ताईंनी सगळं खोदून विचारलं. कडा किती उंच, पकड कशी घेतात, हात किती वर न्यावा लागतो. शेवटी म्हणाल्या, "मी येत्ये पुढच्या रविवारी."

मला वाटलं, थट्टा असेल. त्यांनी तर डॉक्टरांची परवानगी काढून आणली. सूज येऊ नये म्हणून हाताला घट्ट पट्ट्याची बाही घालायची, हात जड वाटला की थांबायचं, अशा अटी होत्या. "डॉक्टर आधी हसले," ताई म्हणाल्या. "मग कागदावर लिहून दिलं."

देवरूखच्या पुढे एका वाडीच्या मागे काळा कडा आहे, तीन मजली घराएवढा. जानेवारीतली सकाळ होती. निलेशने मागच्या वाटेने माथ्यावर जाऊन दोर कडीतून ओवला आणि दोन्ही टोकं खाली सोडली, एक चढणाऱ्यासाठी, दुसरं माझ्या हातात. ताईंनी मुलीची ट्रॅक पँट घातली होती, त्यावर स्वतःचा कुर्ता. रेहानाने त्यांच्या कमरेचे पट्टे आवळले, हेल्मेट बसवलं. "कशी दिसत्ये गो?" त्यांनी विचारलं. "वायरमनसारख्या," रेहाना म्हणाली. ताई खूश झाल्या.

अर्धा कडा त्या सहज चढल्या. तिथे खडकाला पोट आलंय. त्याच्या वर एक चांगली खाच आहे, पण ती धरायला उजवा हात पूर्ण सरळ वर न्यावा लागतो. ताईंचा हात चार बोटं कमी पडला. पाय सुटला आणि त्या दोरावर लोंबकळल्या. मी दोर घट्ट धरून होतो.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गुडघा सोलवटला. निलेश वरून ओरडला, "ताई, डावीकडून सोपी वाट आहे!"

"माहिताय मला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तिकडे उजवा हात लागत नाही."

मी दोर पुन्हा आवरून धरला.

चौथ्यांदा पडल्यावर मी त्यांना खाली घेतलं. रेहानाने हात तपासला. सूज नव्हती. आम्ही डबे उघडले. आज पुरे, पुढच्या वेळी बघू, असं आम्ही तिघांनी आळीपाळीने सांगून पाहिलं. ताईंनी एक घावन खाल्लं, पाणी प्यायल्या, झाडाखाली अर्धा तास डोळे मिटून पडून राहिल्या. मग उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "दोर लाव. आणि वर ओढू नको हां मला. ओढलंस तर कळेल मला."

मी ओढलं नाही. ओढावंसं फार वाटत होतं.

खडकाच्या पोटाशी पोहोचल्यावर या वेळी त्यांनी खाचेकडे झेप घेतली नाही. गाल खडकाला टेकवला, दोन बोटं कातळावर ठेवली आणि चालवायला लागल्या. एक बोट, मग दुसरं. खालून मला त्यांचे पोटऱ्यांपासून थरथरणारे पाय दिसत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बोटं खाचेत गेली, आणि त्यांच्या तोंडून असा एक आवाज निघाला की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

माथ्यावर पोहोचून त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या. बराच वेळ खांदे हलत होते. मग वळून ओरडल्या, "इथे वारा मस्त आहे रे! मेल्यांनो, इतके दिवस सांगितलं नाहीत!"

त्यानंतर त्या आमच्याबरोबर सात-आठदा आल्या. पुढच्या वर्षी दुखणं परतलं, या वेळी हाडांत. जमेल तोवर कचेरीत आल्या, मग येईनाशा झाल्या. गणपती झाले आणि आठवड्यात गेल्या.

आम्ही तिघं पूर्णगडला भेटायला गेलो. त्यांचे यजमान होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, अबोल माणूस. चहा झाल्यावर म्हणाले, "रविवारी तुमच्याबरोबर यायची ती. तुम्ही चढायचात आणि ती खाली बसून पिशव्या सांभाळायची ना?"

रेहानाने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमधला ताईंचा माथ्यावरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "मला न्याल तिथे?"

पुढच्याच रविवारी नेलं. कड्याखाली ते मान वर करून उभे राहिले.

"कुठपर्यंत?"

"पार वर," निलेश म्हणाला.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि पुन्हा वर पाहिलं.

"आणि मी तिला माळ्यावरचा डबासुद्धा काढू देत नव्हतो," ते म्हणाले.