राखून ठेवलेला पाचवा स्टार

शेफालीदी बेल वाजवण्याआधी दाराबाहेर उभ्या राहून दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊन करीत. थंड स्पर्शाने अंथरुणातली माझी आई दचकते, हे त्यांनी पहिल्याच सकाळी हेरले होते. मग आत येता येता हाक: "आले हं, आई!" मराठीतले तेवढे तीन शब्द त्यांनी आईकडूनच उचलले होते.

बदलीमुळे मी कोलकात्यात आलो आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आईच्या देखभालीसाठी मोबाइलच्या ॲपवरून त्यांना बोलावले. लोकलने सियालदह स्टेशन, तिथून बसने बागबाजारातले आमचे घर, असा त्यांचा रोजचा प्रवास. आईचा घास तोंडात अडकला की म्हणत, "आस्ते मा, ट्रेन तो हमारा छूटता है, आपका थोड़े ही!"

पूर्वी आया पुरवणाऱ्या सेंटरचा मालक त्यांची निम्मी मजुरी ठेवून घेई. ॲपवाल्यांचे आश्वासन वेगळे होते: दलाल नाही, वशिला नाही; जो चांगले काम करील तो वर जाईल. मला ते मनापासून पटले होते. "अब मालिक नहीं है, दादा," शेफालीदी हसत, "सिर्फ़ मोबाइल है."

रोज संध्याकाळी ॲप पाचपैकी स्टार मागे. मी न चुकता चार देई. माझे वडील शिक्षक. निबंधाला दहापैकी दहा त्यांनी कोणालाच दिले नाहीत, मलाही नाही. आमच्या घरात चार म्हणजे कौतुकच.

एकदा निघताना, पिशवी खांद्याला लावून त्या थबकल्या. "दादा, मेरा कुछ गलती हो रहा है?"

"छे! आप तो बहुत अच्छा करती हैं."

"तो एक स्टार कहाँ जाता है?"

मी वडिलांची गोष्ट सांगितली, जरा अभिमानानेच. "तब तो ठाकुर को भी आप चार ही देंगे," त्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. आम्ही दोघेही हसलो. त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे एकदा पाहिले आणि त्या गेल्या. त्या दिवशीही मी चारच दिले.

पुढच्या आठवड्यात दारात दुसरीच बाई उभी होती. सरासरी साडेचारच्या खाली असेल तर या महिन्यापासून ॲप काम देणे थांबवते, हे तिने सांगितले. "दीदी का नाम बंद हो गया."

आठ महिने शेफालीदी फक्त आमच्याकडे येत होत्या. ती सरासरी म्हणजे मीच होतो. त्या दिवशी त्या रोजीरोटी वाचवायला थांबल्या होत्या, आणि मी त्यांना संस्कार ऐकवले.

कंपनीच्या फोनवर ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, दिलेले स्टार बदलता येत नाहीत. दोन दिवस सकाळी मी सियालदहच्या फाटकाशी उभा राहून लोंढ्यात तो चेहरा शोधला. त्यांच्या गावाचे नावही मला ठाऊक नव्हते. कधी विचारलेच नव्हते.

आता येणाऱ्या प्रत्येकीला मी पाच देतो, काम न पाहताच. आई मात्र प्रत्येकीच्या हाताने दचकते. म्हणून सकाळी मीच दाराबाहेर जातो, तळहात चोळतो आणि आत येऊन तिच्या पाठीला हात लावतो. तिचे डोळे मिटलेले असतात.

"शेफाली," ती म्हणते, "आज उशीर झाला गं."