फेट्याखालचा कान

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या गावात कुणाला ताप आला तरी आधी लिंबू उतरवतात. लहानपणी मी असलं एक लिंबू चौकातून उचलून सरबत करून प्यायलोय, साधी सर्दीही झाली नाही! तेव्हा पुढचं वाचून मला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल काढा... मी स्वतःच स्वतःला कितीदा काढलंय.

२००७ च्या आसपासची गोष्ट. गाव भीमेच्या काठी, नाव मुद्दाम देत नाही. माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान शिक्रापूरला, हायवेला लागून, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर. पुण्यात कंपनीत असलेल्या मित्राकडून मी एक जुना टॅब्लेट घेतला होता. आजच्यासारखा फोनचा मोठा भाऊ नव्हे – स्क्रीन फिरवली की पाटीसारखा आडवा होणारा जाडजूड कॉम्प्युटर, सोबत पेन. स्क्रीन लहान पडायची म्हणून त्याला बाहेरून एक मोठा मॉनिटर जोडला. दोन्हीकडे एकच चित्र. मी टॅब्लेट मांडीवर घेऊन पेनानं काम करायचो आणि गिऱ्हाईक समोरच्या मॉनिटरकडे बघत हुकूम सोडायचं – "सरपंचांचा फोटो मोठा कर, माझा त्यांच्या खांद्याला लाव."

त्या दिवशी दुपारी बाळू आला होता, दत्तादादाचा जिवाभावाचा दोस्त. दत्तादादा माझा चुलतभाऊ. माझे वडील लवकर गेले, मला शिकवलं, उभं केलं ते त्यानं. तो नुकताच ग्रामपंचायतीत निवडून आला होता आणि समोरच्या पॅनेलला ते चांगलंच झोंबलं होतं. त्याच्या वाढदिवसाचा बोर्ड करायचा होता. तो स्वतः कामासाठी मोटारसायकलवर दौंडला गेला होता.

आता आमच्या धंद्यातली एक लबाडी सांगतो. बोर्डावर वाढदिवसवाल्याला फेटा लागतोच, मग त्यानं जन्मात बांधलेला नसला तरी. आमच्याकडे फेट्यांचे फोटो तयार असायचे. माणसाचं डोकं पेनानं कडेकडेनं कापायचं आणि वर फेटा बसवायचा. कान कापणं किचकट, म्हणून आम्ही सरळ रेघ मारून कानच उडवायचो. फेट्याखाली कोण बघायला जातंय?

दत्तादादाचा डावा कान मी असाच उडवला. एका रेघेत.

"सुन्या, रगत कशाला काढतूयास?" बाळू म्हणाला.

"कसलं रक्त?"

"आरं हितं बघ की! चेष्टा हाय व्हय ही?"

माझ्या मांडीवरच्या स्क्रीनवर रक्तबिक्त काही नव्हतं, स्वच्छ कापलेलं डोकं होतं. मान वर केली... मॉनिटरवर कानाच्या जागी लाल खड्डा, आणि रक्त मानेवरून पांढऱ्या शर्टात उतरत होतं. केबल ढिली झाली की रंग बिघडतात, म्हणून मी केबल दाबून बघितली. रक्त वाहतच राहिलं.

मी पेन टेबलावर ठेवलं. आणि पेन ठेवल्यावर दुसरी रेघ आली – खांद्यावर. मग गालावर, थेट दात दिसेपर्यंत. मग मानेवर. हात कुणाचाच चालत नव्हता आणि दत्तादादा फोटोतलं हसू तसंच ठेवून फाटत चालला होता.

बाळूनं दादाला मोबाईल लावला. दादानं उचलला की झटापटीत बटण दाबलं गेलं, कुणास ठाऊक. आतून त्याचा आवाज आला – "मारू नका रं! आईऽऽ गं..." आणि मॉनिटरवर रेघ. परत किंकाळी, परत रेघ.

"सुन्या, कायतरी कर! तोडत्यात रं त्याला!"

शिक्रापुरात बसून मी काय करणार होतो? तो कुठल्या रस्त्यावर आहे तेही माहीत नव्हतं. हाताला एकच सवय होती – चुकलं की अनडू, म्हणजे एक पाऊल मागे. पेन उचललं आणि दाबलं. मॉनिटरवरची शेवटची रेघ पुसली गेली. परत दाबलं. आणखी एक गेली. मी रडत रडत दाबत सुटलो. फोनमधल्या किंकाळ्या थांबल्या... कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्याला लागंना का!" आणि मग पळणारे पाय.

ते सॉफ्टवेअर वीसच पावलं मागे जायचं. वीस वेळा दाबलं. मान, गाल, खांदा, सगळं सांधलं. कान तेवढा राहिला, ती सगळ्यात आधीची, एकविसावी रेघ होती. पेन आपटून आपटून त्याचं टोक मोडलं, पण तो काही परत आला नाही.

दादा भीमेच्या पुलाजवळ सापडला. शर्टाच्या रक्तानं भिजलेल्या चिंध्या आणि अंगावर ओरखडा नाही. फक्त डावा कान नव्हता.

दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. "मानंवर कोयता बसला तवा म्या म्हणलं, मेलो. आन् मग त्यो वार निघूनच गेला बघ. येकेक करून समदं उलटं. देवानं वाचवलं रं सुन्या." बाळूनं त्या दिवसापासून माझ्या दुकानाची पायरी चढली नाही.

पुढे आडून आडून मी बऱ्याच जणांना विचारलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, व्हायरस असेल. दुसरं काय म्हणणार बिचारा!

पाच जण पकडले गेले. पाचही जणांनी कोयते चालवल्याचं कबूल केलं. पण वेगवेगळं विचारलं तरी एका गोष्टीवर पाचही जण अडून बसले – "सायेब, त्यो आमच्या हातनं सुटलाच हुता. मधीच गाडी थांबवून कान धरून खाली बसला, म्हणून घावला. कान आम्ही न्हाई तोडला." पोलिसांनी त्यांना त्यासाठी वेगळं बडवलं. कोर्टातही कुणी विश्वास ठेवला नाही.

ते खरं बोलत होते.